फायटिंग गेम नवख्यांसाठी किती खुले आहेत? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत एक विषय वारंवार आला आहे. दोन खेळाडू समोरासमोर उभे राहून लढतात असे ‘स्ट्रीट फायटर’, ‘टेक्केन’ यांसारखे फायटिंग गेम नव्याने सुरुवात करणाऱ्याला कितपत जमतात, आणि स्पर्धेत उतरण्याची वाट त्याच्यासाठी खरोखर खुली आहे का, असा या पत्रांचा आशय आहे. त्यामुळे हे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. पत्रे थोडक्यात छापली आहेत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. सवलतीच्या काळात ‘स्ट्रीट फायटर ६’ विकत घेतला आणि लॅपटॉपच्या कीबोर्डवर खेळतो. ऑनलाइन जवळपास प्रत्येक सामना हरतो. हाडोकेन (हातातून ऊर्जेचा गोळा फेकण्याचा वार) निम्म्या वेळा निघतच नाही आणि समोरचा खेळाडू एकच पायाचा वार करून मला पुन्हा पुन्हा पाडतो. हे गेम लहानपणापासून खेळणाऱ्यांसाठीच असतात का? (एक वाचक, धुळे)

तुमच्या पत्रात दोन निराळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत. हाडोकेन न निघणे ही हाताची अडचण आहे आणि एकच वार सतत लागणे ही माहितीची. आपण पहिल्या अडचणीमुळे हरतो असे बहुतेक नवख्यांना वाटते, परंतु त्यांचे बहुतेक सामने दुसरीमुळे जातात.

आधी हाताचे पाहू. हाडोकेनसाठी खाली, मग खाली आणि पुढे यांच्यामधली तिरकी दिशा, मग पुढे आणि त्यासोबत पंच असा क्रम लागतो. कंट्रोलरवर अंगठा खालून पुढे सरकवला की तिरकी दिशा वाटेतच लागते. कीबोर्डवर तिच्यासाठी वेगळी कळ नसल्यामुळे ‘खाली’ची कळ धरून ठेवलेली असतानाच ‘पुढे’ची कळ दाबावी लागते, नंतर ‘खाली’ सोडायची आणि ‘पुढे’ दाबलेली असतानाच पंच मारायचा. नवखा खेळाडू घाईत आधी ‘खाली’ सोडतो आणि मग ‘पुढे’ दाबतो. त्याला स्वतःला फरक जाणवत नाही, पण गेमला तिरकी दिशा मिळालेलीच नसते, म्हणून पडद्यावर साधा पंच दिसतो. ट्रेनिंग मोडमध्ये दाबलेल्या कळा बाणांच्या रूपाने दाखवण्याची सोय आहे. ती सुरू करा आणि प्रत्येक हुकलेल्या प्रयत्नानंतर बाणांची रांग वाचा. मधला तिरका बाण गायब असेल तर ‘खाली’ लवकर सुटते आहे, आणि पंच तिरक्या बाणाशीच लागलेला असेल तर पंचाची घाई होते आहे. लॅपटॉपचे आणि स्वस्तातले बरेच कीबोर्ड काही ठरावीक तीन कळा एकदम दाबल्या तर तिसरी नोंदवत नाहीत, हेही याच ठिकाणी तपासून घ्यावे. तसे आढळल्यास पंचाची कळ दुसऱ्या जागी नेऊन पाहावी. पुष्कळदा तेवढ्याने काम होते.

आता त्या पायाच्या वाराकडे येऊ. खेळणारे त्याला स्वीप म्हणतात. हा गेम सेकंदाला ६० फ्रेमच्या, म्हणजे ६० स्थिर चित्रांच्या गतीने चालतो, त्यामुळे एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते आणि प्रत्येक वाराचा हिशेब फ्रेममध्ये मांडलेला असतो. स्वीप साधारण दहा फ्रेमच्या आत लागतो. माणसाला डोळ्यांनी पाहून हात हलवायलाच साधारण २०० ते २५० मिलिसेकंद, म्हणजे बारा ते पंधरा फ्रेम लागतात. याचा अर्थ असा, की स्वीप पाहून कोणीही अडवत नाही, जगज्जेताही नाही. तो अडवणारा खेळाडू आधीच खाली बसून मागची दिशा धरून असतो, कारण त्या अंतरावर स्वीप येऊ शकतो हे त्याला ठाऊक असते. उभ्याने केलेला ब्लॉक स्वीपसमोर चालत नाही, ही एवढी एक गोष्ट माहीत नसल्यामुळे तुमचे अनेक सामने गेले असावेत.

बसून अडवल्यानंतर जे घडते ते अधिक महत्त्वाचे आहे. अडवल्या गेलेल्या स्वीपनंतर मारणारा बराच वेळ, अनेक पात्रांच्या बाबतीत दहा किंवा अधिक फ्रेम, काहीच करू शकत नाही. सर्वांत जलद हलका पंच चार फ्रेममध्ये लागतो. म्हणजे तुम्ही जवळ असाल तर तुमचा पंच त्याला लागणारच, आणि अंतर थोडे जास्त असेल तर त्याच जागी मध्यम लाथ वापरावी. ट्रेनिंग मोडमधील बाहुल्याला स्वीप मारण्याची कृती रेकॉर्ड करून द्या, ती बसून अडवा आणि लगेच उत्तर द्या. पडद्यावर रंगीत फ्रेम मीटर लावून ठेवलात तर कोण किती काळ मोकळा होता हे डोळ्यांसमोर दिसते. एका संध्याकाळच्या सरावात तुम्हाला रोज हरवणारा तो वार तुमच्या फायद्याचा होईल.

लहानपणापासून खेळलेल्यांचे हात जलद असतात म्हणून ते जिंकतात, ही समजूत यासाठीच मला मान्य नाही. त्यांच्याजवळ अशा शेकडो छोट्या गोष्टींची माहिती साठलेली असते, आणि माहिती कोणत्याही वयात मिळवता येते. ‘स्ट्रीट फायटर ६’मधील ड्राइव्ह इम्पॅक्ट हा मोठा वार २६ फ्रेमचा, म्हणजे सुमारे ४३३ मिलिसेकंदांचा आहे. तो पाहून उत्तर देता येते, पण त्याची अपेक्षा असेल तरच. नवखा खेळाडू स्वतःच्या बोटांकडे आणि पुढच्या कॉम्बोकडे, म्हणजे सलग लागणाऱ्या वारांच्या मालिकेकडे, लक्ष देत असतो, म्हणून इतका संथ वारही त्याला लागतो. बोटांची काळजी कमी झाली की डोळे समोरच्याकडे वळतात. हाडोकेनचा सराव त्यासाठीच करायचा असतो.

तरीही तुमचा मुख्य प्रश्न वेगळाच आहे असे मला वाटते. तुम्हाला तुमच्या तोलाचा प्रतिस्पर्धी मिळत नाही. आपल्याकडे जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो तेव्हा पंच मंडळी वजन, वय आणि तयारी पाहून जोड लावतात, लहान मुलांच्या कुस्त्या आधी होतात आणि नामांकित पैलवान शेवटी उतरतात. नव्या पोराला कोणी थेट शेवटच्या कुस्तीच्या पैलवानासमोर उभे करत नाही. ऑनलाइन गेममध्ये जोड लावण्याचे काम रँकिंगकडे असते. तुम्ही कोणत्या प्रकारच्या सामन्यांत हरत आहात हे पत्रात लिहिलेले नाही, परंतु पुष्कळ नवखे ‘रँक्ड’ या शब्दाला घाबरून ‘कॅज्युअल’ सामने खेळतात आणि तिथेच त्यांची फसगत होते. कॅज्युअलमध्ये दर्जाची जुळणी सैल असते आणि उच्च दर्जाचे खेळाडू तिथे नवी पात्रे शिकायला येतात. रँक्डमध्ये सुरुवातीला दहा सामन्यांवरून तुमची पातळी ठरते आणि नंतर समोर येणारे खेळाडू तुमच्यासारखेच असतात. नवख्यासाठी रँक्ड हीच सौम्य जागा आहे. सुरुवातीला गेम तुमचा अनुभव विचारतो, तेव्हा प्रामाणिकपणे नवखा असल्याचे सांगावे.

प्रश्न : मी मॉडर्न कंट्रोलवर खेळतो. मित्र म्हणतात की ही पळवाट आहे आणि अशाने खरा खेळ कधीच येणार नाही. क्लासिकवर जावे का? (एक वाचक, चोपडा)

जून २०२३ मध्ये आलेल्या ‘स्ट्रीट फायटर ६’ने ही सोय दिली. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’पासून चालत आलेल्या क्लासिक पद्धतीत तीन पंच आणि तीन लाथा अशी सहा बटणे असतात. मॉडर्नमध्ये हलका, मध्यम आणि जोरकस वार, आणि एक स्पेशल बटण असते, जे दिशेसोबत दाबले की हाडोकेन किंवा शोर्युकेन (वर झेपावत मारलेला पंच) लगेच निघते. याची किंमत गेम वसूल करतो. एका बटणाने काढलेल्या स्पेशल वाराचे नुकसान २० टक्क्यांनी कमी होते आणि पात्राचे काही साधे वार या पद्धतीत मिळतच नाहीत. म्हणजे हा सौदा आहे, आणि अधिकृत स्पर्धांमध्ये तो मान्य आहे. मग त्याला पळवाट म्हणण्याचे काही कारण उरत नाही. तुमच्या मित्रांना हेही सांगा, की मॉडर्नमध्येसुद्धा जुन्या पद्धतीने क्रम दाबून स्पेशल काढला तर पूर्ण नुकसान होते, म्हणून हळूहळू एकेक वार हाताने शिकण्याचा मार्ग तुम्हाला मोकळाच आहे.

मात्र मॉडर्नकडून काय अपेक्षा ठेवावी हे स्पष्ट असले पाहिजे. त्यामुळे पहिले काही आठवडे सोपे होतात, त्यापुढचे नाही. शोर्युकेन कधी मारायचे, ते हुकल्यावर काय शिक्षा होते, समोरचा थ्रो (पकडून फेकणे) करणार की वार, हे निर्णय दोन्ही पद्धतींत सारखेच कठीण आहेत. ‘फँटसी स्ट्राइक’ या २०१९ च्या गेमने तर गुंतागुंतीच्या आज्ञा पूर्णच काढून टाकल्या आणि प्रत्येक वार एका बटणावर आणला. तरीही तो गेम खेळणारा नवखा अनुभवी खेळाडूकडून हरतोच, कारण अंतराचा आणि वेळेचा अंदाज बटणावर ठेवता येत नाही. क्लासिकमधला एखादा वार तुम्हाला खरोखर कमी पडू लागला, तर जा. मित्रांच्या टोमण्यांसाठी जाऊ नका.

प्रश्न : पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही स्टेशनजवळच्या पार्लरमध्ये ‘टेक्केन ३’ खेळायचो. तेव्हा दोन दिवसांत खेळ यायचा. आता मुलासाठी ‘टेक्केन ८’ आणला तर तो मला अतिशय अवघड वाटतो. गेम बदलले की माझे वय झाले? (एक वाचक, भुसावळ)

वयाची काळजी सोडून द्या. चीनमधील हांगझोऊ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ५’ हा पदकाचा खेळ होता, भारतातर्फेही त्यात दोन खेळाडू उतरले होते, आणि सुवर्णपदक मिळवणारे दक्षिण कोरियाचे किम ग्वान-वू तेव्हा ४४ वर्षांचे होते.

गेम निश्चितच वाढले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये ‘टेक्केन ८’ बाजारात आला तेव्हाच त्यात ३२ पात्रे होती, आणि एकेका पात्राच्या वारांची यादी शंभराच्या आसपास किंवा त्याहून मोठी असते. परंतु ‘टेक्केन ३’सुद्धा आपल्याला दोन दिवसांत आला नव्हता. दोन दिवसांत फक्त पार्लरमधल्या चार-सहा मुलांना हरवण्याइतका आला होता, आणि तेवढ्यावर समाधान होते, कारण आपले सगळे जग तेवढेच होते. टेक्केनमध्ये दोन हात आणि दोन पाय यांची चार बटणे असतात, म्हणून पहिल्या दिवशी नुसती बटणे बडवूनही काहीतरी देखणे घडते. ‘टेक्केन ३’मधल्या एडी गोर्डोच्या लाथा याच कारणाने इतक्या मुलांच्या लाडक्या होत्या. पहिला दिवस असा सोपा आणि पुढचे वर्ष कठीण, असा टेक्केनचा स्वभाव आहे. स्ट्रीट फायटरमध्ये उलट, पहिला आठवडा कठीण जातो आणि नंतर माहितीचे ओझे तुलनेने हलके राहते.

पार्लरमध्ये आणखी एक गोष्ट होती, जी आज घरात बसून मिळत नाही. जो हरायचा तो बाजूला उभा राहून पुढचा सामना पाहायचा आणि जिंकणाऱ्याला विचारायचा, की तो वार कसा काढलास. त्या विचारपुशीतच निम्मे शिक्षण होत असे. ‘टेक्केन ८’ने तिची थोडी भरपाई केली आहे. आपला जुना सामना पुन्हा लावला की कुठे अडवून परत मारता आले असते हे गेम दाखवतो, आणि त्याच क्षणापासून सूत्रे हाती घेऊन तो प्रसंग पुन्हा खेळू देतो. शिवाय तुमच्या सवयी उचलून तुमच्यासारखाच खेळणारा संगणकी प्रतिस्पर्धी तयार होतो, त्याला घोस्ट म्हणतात. तुम्ही मुलाच्या घोस्टशी आणि मुलाने तुमच्या घोस्टशी खेळावे. त्यानंतर दोघांनी एकमेकांशी खेळून पाहावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

प्रश्न : आमच्या गावात केबलवाल्याचे फायबर आले आहे आणि वेग चांगला मिळतो, तरी ऑनलाइन सामन्यात पात्रे मध्येच उडी मारल्यासारखी जागा बदलतात. कंपनीकडून जास्त वेगाचा प्लॅन घ्यावा का? (एक वाचक, शहादा तालुका)

प्लॅन बदलण्याची गरज नाही. फायटिंग गेम फार थोडा डेटा वापरतो. त्याला लागते ती नियमितता. दोन खेळाडूंमधले अंतर पहिली मर्यादा घालते. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणून मुंबई ते सिंगापूर हे सरळ रेषेत सुमारे चार हजार किलोमीटरचे अंतर जाऊन यायलाच किमान ४० मिलिसेकंद लागतात, आणि प्रत्यक्षातली केबल सरळ रेषेत नसते. चार फ्रेमच्या पंचाच्या खेळात एवढा काळ म्हणजे पुष्कळ झाला.

जुने गेम यावर उपाय म्हणून दोघांच्याही कळा मुद्दाम उशिरा नोंदवत. मग सामना पाण्याखाली चालल्यासारखा जड वाटायचा आणि नवख्याला आपला हात चुकला की जोडणी, हे कधी कळतच नसे. टोनी कॅनन यांनी २००६ च्या सुमारास ‘जीजीपीओ’ ही प्रणाली तयार केली, जिच्या पद्धतीला रोलबॅक म्हणतात. यात समोरच्याने मागच्या क्षणी दाबलेलीच कळ अजून दाबली असेल असा अंदाज धरून गेम न थांबता पुढे जातो, आणि खरी माहिती वेगळी आली तर काही फ्रेम मागे जाऊन चित्र दुरुस्त करतो. ‘स्ट्रीट फायटर ६’, ‘टेक्केन ८’ आणि २०२१ चा ‘गिल्टी गियर स्ट्राइव्ह’ हे तिन्ही याच पद्धतीवर चालतात. मोठ्या शहरापासून दूर असलेल्या खेळाडूसाठी गेल्या वीस वर्षांतली ही सर्वांत मोलाची सुधारणा आहे, सोप्या बटणांपेक्षाही मोलाची, असे माझे मत आहे.

तुम्हाला दिसणारी उडी म्हणजे ही दुरुस्ती. ती क्वचित दिसली तर चालते. सतत दिसत असेल तर बहुधा वाय-फाय कारण आहे, कारण त्यात माहितीची काही पाकिटे उशिरा येतात तर काही हरवतात. राउटरपासून संगणकापर्यंत साधी लॅन केबल टाका. सामना स्वीकारण्याआधी समोरच्याला तुमची जोडणी केबलची आहे की वाय-फायची हे चिन्हावरून दिसते, आणि वाय-फायचे चिन्ह पाहून पुष्कळ जण सामना नाकारतात, हाही केबलचा एक फायदा आहे. वीज जाण्याचा त्रास असेल तर राउटरला लहान यूपीएस जोडून घ्यावा.

प्रश्न : घरी जुना लॅपटॉप आहे आणि सध्या खर्च करायचा नाही. सुरुवात कशाने करू? (एक वाचक, पाचोरा)

‘ब्रॉलहाला’ विनामूल्य आहे आणि कमी ताकदीच्या संगणकावरही चालतो, मात्र त्यात प्रतिस्पर्ध्याला रिंगणाबाहेर फेकायचे असल्यामुळे त्याची जात थोडी वेगळी आहे. पारंपरिक वळणाचे शिक्षण हवे असेल तर २०१२ चा ‘स्कलगर्ल्स’ सवलतीत स्वस्त मिळतो, जुन्या यंत्रावर नीट चालतो, आणि नवख्याला ब्लॉकपासून पुढे शिकवणारे त्याचे धडे आजही मला उत्तम वाटतात. ‘स्ट्रीट फायटर ६’ आणि ‘टेक्केन ८’ यांचे डेमो विनामूल्य आहेत. विकत घेण्याआधी तुमच्या यंत्रावर सेकंदाला ६० फ्रेम स्थिर राहतात का हे त्यावर जरूर पाहा, कारण या प्रकारात गती घसरली तर सामना दोघांचाही बिघडतो.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे आणि हे गेम स्पर्धात्मक खेळ आहेत असे सांगून खेळतो. यात पैसे लावले जातात का? मारामारीचा परिणाम होईल याची भीती वाटते. (एक आई, अमळनेर)

ताई, पैशांची शंका आधी दूर करतो. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली आहे आणि ई-स्पोर्ट्सला त्यापासून वेगळे ठेवून मान्यता दिली आहे. बहुतेक फायटिंग गेम विकत घेऊन खेळायचे असतात, त्यात सामन्यावर पैसे लावण्याची व्यवस्था नसते. खर्च होतो तो नंतर विकल्या जाणाऱ्या नव्या पात्रांवर आणि पोशाखांवर. त्यासाठी आपले कार्ड किंवा यूपीआय त्या खात्याला जोडून ठेवू नये.

मारामारीबाबत सर्व गेम एका मापाने मोजू नयेत. अमेरिकेतील वर्गवारीनुसार ‘स्ट्रीट फायटर ६’ आणि ‘टेक्केन ८’ हे किशोरांसाठी, म्हणजे १३ वर्षांपासून पुढे योग्य मानले आहेत, तर ‘मॉर्टल कॉम्बॅट १’ १७ वर्षांपासून पुढे आहे. त्यातले रक्तपाताचे प्रसंग खरोखर उग्र आहेत आणि नववीतल्या मुलाला तो देऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. वेळेची मर्यादा मिनिटांत न घालता सामन्यांत घालावी. एक सामना साधारण तीन ते पाच मिनिटांत संपतो, म्हणून ‘रोज इतके सामने’ असे ठरवले तर मध्येच उठवल्याची तक्रार राहत नाही. आणि कधीतरी त्याच्याजवळ बसून, तो हरला तेव्हा का हरला हे त्याला समजावून सांगायला लावा. त्याला सांगता आले तर तो शिकतो आहे. नुसताच चिडून पुढचा सामना लावत असेल तर तेवढ्यापुरते थांबवणे योग्य.

प्रश्न : आमच्या शाळेतील एका दृष्टिहीन विद्यार्थ्याला हे गेम खेळावेसे वाटतात. शक्य आहे का? (एक शिक्षक, नंदुरबार)

होय, आणि इतर बहुतेक प्रकारांच्या गेमपेक्षा इथे ते अधिक शक्य आहे, कारण दोनच खेळाडू एका रेषेवर असतात आणि प्रत्येक वाराला स्वतःचा आवाज असतो. ‘स्ट्रीट फायटर ६’च्या ध्वनी-सुलभता विभागात प्रतिस्पर्धी किती अंतरावर आहे आणि लागलेला वार वरचा होता की खालचा, हे वेगवेगळ्या आवाजांनी कळवण्याची सोय आहे. हेडफोन आवश्यक आहे. सुरुवातीला मेन्यूपर्यंत पोहोचण्यासाठी कोणीतरी सोबत बसावे.

प्रश्न : आम्ही जळगावच्या वसतिगृहातले सात-आठ जण आहोत, सगळे नवखे. मोठ्या शहरांत स्पर्धा होतात, इथे काहीच नाही. आमच्यासारख्यांनी पुढे जाण्यासाठी पुण्या-मुंबईलाच जायला हवे का? (एक वाचक, जळगाव)

सात-आठ सारख्या पातळीचे लोक एका छताखाली असणे ही इतर सगळ्या पत्रलेखकांना न मिळालेली गोष्ट तुमच्याजवळ आहे. आज जगभर नावाजलेली एव्हो ही स्पर्धा १९९६ मध्ये अमेरिकेतील सनीव्हेल येथे चाळीसेक खेळाडूंच्या मेळाव्यातून सुरू झाली. आणि अधिक जवळचे उदाहरण हवे असेल तर लाहोरच्या अर्सलान ॲश यांचे घ्या. २०१९ मध्ये ‘टेक्केन ७’च्या एव्हो जपान आणि लास वेगासच्या एव्हो या दोन्ही स्पर्धा त्यांनी जिंकल्या, दुसऱ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कोरियाच्या नी या दिग्गजाला हरवून. परदेशी स्पर्धांचा व्हिसा मिळणे त्यांच्यासाठी सोपे नव्हते, आणि तरीही त्यांचा खेळ घडला तो आपल्याच देशातल्या खेळाडूंबरोबर समोरासमोर बसून. पुढे त्याच वर्तुळातल्या आतिफ बट यांनी टेक्केन वर्ल्ड टूरचा अंतिम टप्पाही जिंकला. मोठ्या शहरापेक्षा एकमेकांना रोज हरवणारे आणि हरल्यावर बोलणारे लोक लागतात, हे यावरून दिसते.

आता व्यवहाराचे. सगळ्यांनी एकच गेम निवडा. चौघे टेक्केन आणि चौघे स्ट्रीट फायटर अशी फाटाफूट झाली तर दोन्ही गट महिन्याभरात मोडतात. प्रत्येकाने एक पात्र किमान काही महिने धरून ठेवावे, परंतु सगळ्यांचे पात्र एकच नसावे, म्हणजे आठ जणांत आठ प्रकारच्या लढतींची ओळख होते. जो पुढे जाईल त्याने हरवलेल्याला कसे हरवले हे सांगणे बंधनकारक करा. ही अट मी गंभीरपणे सुचवतो आहे, कारण छोट्या गटात एक जण फार पुढे गेला आणि गप्प राहिला तर बाकीचे सोडून जातात, आणि मग त्या एकालाही खेळायला कोणी उरत नाही.

मोठ्या स्पर्धांमध्ये सहसा दुहेरी बाद पद्धत असते, म्हणजे दोनदा हरेपर्यंत खेळाडू स्पर्धेत राहतो, आणि प्रवेश सर्वांना खुला असतो. नवख्याची पहिलीच लढत माजी विजेत्याशी पडू शकते. अनुभव म्हणून ते ठीक आहे, पण त्यासाठी प्रवासखर्च करून दोन सामने खेळून परत येणे नवख्याला परवडणारे नाही. तुमच्या वसतिगृहात साखळी पद्धत ठेवा. आठ जणांत २८ लढती होतात, प्रत्येकाच्या वाट्याला सात येतात, आणि दोन यंत्रांवर त्या एका रविवारी दुपारपर्यंत सहज आटोपतात. प्रत्येक लढत तीनपैकी दोन सामन्यांची असावी, कारण एका सामन्यात नवख्याला समोरच्याची सवय कळण्याआधीच निकाल लागतो. गुणांचा तक्ता भिंतीवर लावा आणि पुढच्या महिन्यात खालच्या चौघांपैकी जो वर सरकेल त्याला पहिली निवड, म्हणजे कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या बाजूने खेळायचे हे ठरवण्याचा हक्क द्या. खानदेशातल्या दुसऱ्या एखाद्या महाविद्यालयात असाच गट असेल तर या सदराकडे कळवा. दोन्ही गटांचा संपर्क करून देण्याची व्यवस्था आम्ही करू.